रात्री दोनला उलटी, आणि दोष बटाटेवड्याला (अनुभव धागा)

परवा रात्री दोन वाजता लेकाने अंथरुणातच भडाभडा उलटी केली. वय साडेतीन. संध्याकाळी वाढदिवसाला जाऊन आला होता, त्यामुळे सासूबाईंनी आणि मी एकमताने तिथल्या बटाटेवड्याला दोषी ठरवलं. चादर बदलताना बघते तर वड्याचा मागमूस नाही. नुसतं दूध, आणि त्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा कफ. सर्दी चार दिवस होतीच, पण तिला कोण विचारतं! डॉक्टर म्हणाले, या वयाची मुलं कफ थुंकत नाहीत, गिळतात. आडवं झालं की नाकातलं घशात उतरतं, खोकल्याची उबळ येते आणि पोटातलं सगळं बाहेर. उलटीनंतर पठ्ठ्या पाणी पिऊन गाढ झोपला, आम्ही दोघी पहाटेपर्यंत टक्क जाग्या. तुमच्याकडे असं झालंय का? सविस्तर लिहा. औषधांची नावं मात्र नकोत.

---

आमच्याकडे दोन पावसाळे हेच. उशाशी टमरेल आणि जुना पंचा ठेवूनच झोपायचो. रात्रीचं दूध तासभर अलीकडे आणलं, झोपण्याआधी नाकात सलाइनचे थेंब. बराच फरक पडला. आई म्हणते, ‘कफ पडला, मोकळं झालं.’ ठीक आहे, पण म्हणून कुणी घशात बोट घालून काढायला जाऊ नका. आमच्या शेजारी केलं होतं, पोराचा घसा सोलवटला.

---

आमचा अनुभव जरा वेगळा. मुलगी चार वर्षांची. ताप 103, दोन उलट्या, आणि हात सारखा बेंबीपाशी. खोकला जवळजवळ नाहीच. अपेंडिक्स असेल म्हणून सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तिचा फ्रॉक वर केला आणि पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून, नुसते श्वास मोजले. 52! एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया. तो भाग पोटाच्या अगदी वर, म्हणून तिथलं दुखणं मुलं पोटात दाखवतात, असं त्यांनी समजावलं. तेव्हापासून तापात उलटी झाली की मी आधी श्वास मोजते, मूल शांत किंवा झोपेत असताना. एक ते पाच वर्षांत मिनिटाला 40 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत 50 किंवा जास्त म्हणजे वेगाने. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ज्याला आपण पोट उडतंय म्हणतो, तर सकाळची वाट बघू नका.

---

भाच्याला डांग्या खोकला झाला होता. त्यावरच्या लसीचा दीड वर्षाचा बूस्टर गावच्या लग्नाच्या गडबडीत राहिला (16 ते 24 महिन्यांत द्यायचा असतो). एका दमात खोकत सुटायचा, चेहरा लालबुंद, शेवटी श्वास आत ओढताना कोंबड्यासारखा आवाज आणि उलटी. दोन उबळींच्या मध्ये मात्र ठणठणीत, खेळणारा. त्यामुळे कुणाला गांभीर्यच कळेना. घरात तीन महिन्यांची पुतणीही होती. इतक्या लहान बाळांत खोकल्याऐवजी श्वासच थांबू शकतो म्हणून घरातल्या सगळ्यांना औषध घ्यावं लागलं.

---

नागपूर. 2025च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी कफ सिरपने मुलं दगावल्याच्या बातम्या आल्या, त्यातली बरीच मुलं इथेच उपचाराला होती. त्या आठवड्यात कपाटातल्या कफ सिरपच्या अर्धवट बाटल्या काढून टाकल्या. दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं नकोत आणि पाचखाली सहसा नकोत, असं केंद्रानेही कळवलं. मी तर उलटीनंतर ‘खोकला थांबू दे’ म्हणून एक चमचा जास्तच द्यायचे. आठवलं की अंगावर काटा येतो.

---

कुणी विचारलंय, उलटीनंतर लगेच पाजायचं का? आम्ही दहा मिनिटं थांबून ओआरएस चमच्या-चमच्याने देतो. गटागट पाजलं की हमखास परत. एकदा मात्र चमचाभर पाणीही टिकेना आणि मूल पेंगुळलेलं, तेव्हा रात्री साडेअकराला रिक्षा करून थेट दवाखाना गाठला.