टेस्ला कॉइलच्या सेकंडरीला किती जाड वायर घ्यायची?

नवीनगुंडाळी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच स्पार्क गॅपवाली टेस्ला कॉइल (हवेत ठिणग्या पाडणारा हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर) करतोय. 110 मिमीचा पीव्हीसी पाईप आहे, त्यावर 450 मिमी उंचीची सेकंडरी, म्हणजे हाय व्होल्टेज देणारी गुंडाळी, करायचीये. ट्रान्सफॉर्मर निऑन साइनचा, 9 केव्ही 30 एमए, प्रायमरीला, म्हणजे खालच्या जाड गुंडाळीला, जोडायचा टँक कपॅसिटर 15 नॅनोफॅरडचा केलाय. आता अडलंय ते वायरपाशी. माझ्याकडे 0.2 मिमीची एनॅमल वायर भरपूर पडलीये, आणि मला वाटतंय की बारीक वायर म्हणजे जास्त वेढे आणि जास्त वेढे म्हणजे जास्त व्होल्टेज, मग तीच वापरू ना? पण बघावं तर सगळे 0.4 नाहीतर 0.5 घेतात, ते का हे कुणीच नीट सांगत नाही. जाणकारांनी सांगा प्लीज.

तांबंवेडा
"जास्त वेढे म्हणजे जास्त व्होल्टेज" हे साध्या लोखंडी कोअरच्या ट्रान्सफॉर्मरला ठीक आहे, इथे नाही चालत. टेस्ला कॉइलमध्ये टँक कपॅसिटरमधली एनर्जी सेकंडरीच्या कपॅसिटन्समध्ये जाते, त्यामुळे व्होल्टेजची वरची मर्यादा ठरते ती दोन्हीकडच्या कपॅसिटन्सच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर. आणि सेकंडरीकडचा कपॅसिटन्स येतो पाईपच्या आकारातून आणि वरच्या टोरॉइडमधून (डोनटच्या आकाराच्या धातूच्या कड्यातून), वायरच्या जाडीने त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणजे 0.2 घ्या की 0.4, कागदावर व्होल्टेज तेच.

जाडीने बदलते ती सेकंडरीची रेझोनन्स फ्रिक्वेन्सी, आणि प्रायमरी त्याच फ्रिक्वेन्सीला जुळवावी लागते. तुमच्याच मापावर हिशोब केला, 0.4 ची वायर एनॅमल धरून साधारण 0.45 होते, म्हणजे 450 मिमीत 1000 वेढे, इंडक्टन्स 24 मिलिहेन्रीच्या आसपास. टोरॉइड धरून एकूण 25 पिकोफॅरड मानले तर फ्रिक्वेन्सी 205 किलोहर्ट्झच्या जवळ येते. 0.2 ने वेढे होतील 1950 च्या आसपास, इंडक्टन्स 90 मिलिहेन्री, फ्रिक्वेन्सी थेट 105 वर. आता प्रायमरी त्याला जुळवायची तर 15 नॅनोफॅरडला 40 च्या ऐवजी 150 मायक्रोहेन्री लागतील, म्हणजे चपट्या स्पायरलचे 10-11 वेढे पुरले असते तिथे 20 घालावे लागतील.

शिवाय रेझिस्टन्स. 0.4 ला साधारण 345 मीटर वायर लागते आणि डीसी रेझिस्टन्स 47 ओहम येतो, 0.2 ला पावणेसातशे मीटर आणि 370 ओहम!! इंडक्टन्सही वाढतो हे खरं, पण रेझिस्टन्स त्याच्या दुप्पट वेगाने वाढतोय आणि फ्रिक्वेन्सीही खाली आलीये, त्यामुळे कॉइलचा क्यू (एनर्जी किती कमी वाया जाते त्याचं माप) मार खातो. माझं मत, आधी ठरवा 800 ते 1200 वेढे हवेत, मग गुंडाळीची उंची भागिले वेढे करा, जाडी आपोआप निघते.

नवीनगुंडाळी
अरे वा, हे असं कुणीच सांगितलं नव्हतं. मग उलट 0.8 ची घेतली तर? रेझिस्टन्स अजून कमी होईल की.

तांबंवेडा
होईल, पण वेढे 500 च्या आसपास उरतील आणि फ्रिक्वेन्सी 400 च्या वर जाईल. तेव्हा प्रायमरी जेमतेम 10 मायक्रोहेन्रीची लागते, पाच-साडेपाच वेढे, मग गॅपचा आणि जोडणीच्या वायरींचा लॉस जाणवायला लागतो आणि ट्यूनिंगला पाव वेढा इकडेतिकडे झाला तरी फरक पडतो. स्किन इफेक्टही आहेच, 200 किलोहर्ट्झला करंट तांब्याच्या वरच्या 0.15 मिमीत एकवटतो, 400 ला 0.1 मिमीत, त्यामुळे जाड वायरचं आतलं तांबं फुकट जातं.

पाईपआणिव्हार्निश
वरचं सगळं बरोबर, फक्त गेज नंबरवर वायर मागवताना जपा. 26 नंबर एसडब्ल्यूजी (ब्रिटिश गेज) म्हणजे 0.457 मिमी आणि 26 एडब्ल्यूजी (अमेरिकन गेज) म्हणजे 0.405, मी हे न बघता वायर आणली आणि पाईप संपला तरी दीडशेच्या वर वेढे बसायचे राहिले, सगळा हिशोब परत करावा लागला. मिमीतच मागा. आणि आल्यावर पेन्सिलीवर 20 वेढे घट्ट गुंडाळून पट्टीने मोजा, 20 ने भागलं की एनॅमलसकट खरी जाडी कळते.

0.2 बद्दल अजून एक, हाताने एवढी बारीक वायर गुंडाळताना तुटते, एक वेढा दुसऱ्यावर चढला तर पटकन दिसत नाही, आणि नेमका तिथेच वेढ्यांमध्ये स्पार्क पडून एनॅमल जळतं. 0.4 हाताला बरी. गुंडाळण्याआधी पाईप घासून पूर्ण वाळवा, नंतर पॉलियुरेथेन व्हार्निशचे पातळ हात द्या, एकदम जाड थर नको. वायरचं टोक पाईपच्या आतून अजिबात नेऊ नका, आतून वरपर्यंत स्पार्क चढतो आणि पाईप कार्बनने वाया जातो.

आणि हे मनापासून सांगतो, सेकंडरीचं खालचं टोक घराच्या अर्थिंगला लावू नका, वेगळी रॉड ठोका. 9 केव्हीची ती बाजू आणि चार्ज राहिलेला कपॅसिटर, दोन्ही जीव घेऊ शकतात, दरवेळी प्लग काढून कपॅसिटर शॉर्ट करूनच हात घाला.

नवीनगुंडाळी
खूप आभार दोघांचे. 0.2 बाजूला ठेवली, 0.4 मिमीची अर्धा किलो मागवतोय, हिशोबाने 390 ग्रॅमच्या आसपास लागेल. आली की आधी पेन्सिलीवर 20 वेढे, मग आकडे इथे टाकतो.