बॅकअप लाइन असूनही नेट का अडतं?

नांदेडच्या एका मित्राने विचारलंय की रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली, बॅकअप लाइन चालू होती, तरी नेट परत यायला इतका वेळ का लागला. ‘प्रोसेसर कमी पडला’ हे त्याला मिळालेलं उत्तर मला अपुरं वाटतं. बीजीपीला (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतीला) नवा मार्ग कळला तरी तो राउटरच्या चिपमधल्या फॉरवर्डिंग टेबलात, म्हणजे कुठला डेटा कुठे पाठवायचा त्या यादीत, उतरावा लागतो. आयपीव्ही४चं (इंटरनेटच्या जुन्या, रूढ पत्त्यांचं) पूर्ण टेबल ९ लाख नोंदींच्या पुढे गेलंय. प्रत्येक नोंदीत पुढचा हॉप (डेटा ज्याच्याकडे द्यायचा तो पुढचा राउटर) वेगळा लिहिलेला असेल तर राउटर एकेक नोंद बदलत बसतो. त्याऐवजी सगळ्या नोंदी एकाच सामायिक पॉइंटरला (पुढचा मार्ग दाखवणाऱ्या खुणेला) जोडायच्या आणि पर्यायी मार्ग आधीच चिपमध्ये भरून ठेवायचा. लाइन तुटली की तेवढा पॉइंटर बदलतो. नोंदी किती आहेत याने फारसा फरक पडत नाही. यालाच बीजीपी पिक (प्रीफिक्स इंडिपेंडंट कन्व्हर्जन्स) म्हणतात.

टीकॅमचं, म्हणजे राउटरमध्ये पत्ता झटकन शोधणाऱ्या खास मेमरीचं, दुखणं वेगळं. तिथे लांब प्रीफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग; जितका लांब तितका नेमका) आधी लागतो, म्हणून नवी नोंद घालताना जुन्या सरकवाव्या लागतात. मोकळी जागा शेवटी न ठेवता मधोमध ठेवली तर ही सरकवासरकव जवळपास निम्म्यावर येते.

परभणी-नांदेडकडे रस्त्यांची कामं चालूच असतात. राउटर घेताना पिकबद्दल विचाराच, आणि बॅकअपची फायबर दुसऱ्या रस्त्याने आणा.