परदेशात तीन-चार शहरं आणि तिथलं खाणं: बडोदेकरांचे अनुभव

सहल कंपनीबरोबर परदेशी जाऊन आलेले आपल्यात पुष्कळ आहेत. हा धागा मात्र स्वतः आखणी करून एकाच दौऱ्यात अनेक शहरं पाहिलेल्यांसाठी आहे. शहरं कशी निवडलीत, एकातून दुसऱ्यात कसे गेलात, शाकाहारी मंडळींचं कसं झालं, कोणतं तिकीट आधी काढावंच लागलं, हे सगळं सविस्तर लिहा. नुसती सुंदर-सुंदर म्हणून यादी नको. पुढच्याला उपयोगी पडेल असं लिहा.

सुरुवात मीच करते.

दांडिया बाजारहून

आम्ही इटली केलं: रोम, फ्लोरेन्स, बोलोन्या, व्हेनिस. ही चारही शहरं एकाच रेल्वेमार्गावर ओळीनं येतात, म्हणून निवडली. रोमहून फ्लोरेन्स वेगवान गाडीनं साधारण दीड तास, तिथून बोलोन्या चाळीस मिनिटांच्या आत, आणि पुढे व्हेनिस पुन्हा दीड तास. मिलान, नेपल्स, कोमोचं सरोवर सगळ्यांनी सुचवलं होतं. वहीत उतरवून घेतलं आणि सोडून दिलं. शहर बदलायचं म्हणजे कागदावर दीड तास, पण बॅगा भरणं, खोली सोडणं, स्टेशन गाठणं, नवी खोली दुपारी मिळेपर्यंत थांबणं यात अर्धा दिवस जातोच. म्हणून मोठ्या शहरात तीन रात्रींपेक्षा कमी राहू नये, असं माझं ठाम मत आहे.

विमानाचं तिकीट जाताना रोमला उतरणारं आणि परतताना व्हेनिसहून निघणारं काढलं. शोधताना ‘मल्टी-सिटी’ पर्याय निवडायचा. नेहमीच्या येण्या-जाण्याच्या तिकिटाशी तुलना करून पाहा. थोडं जास्त पडलं तरी पहिल्या शहरात परत यायचा दिवस आणि भाडं दोन्ही वाचतं.

शहरांचा क्रम वारांवरून ठरवा. फ्लोरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय सोमवारी बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, त्यामुळे तेव्हा तोबा गर्दी.

बोलोन्या पर्यटकांच्या यादीत सहसा नसतं, ते आम्ही निव्वळ खाण्यासाठी घेतलं. आमच्याकडे हे सामिष खातात, मी खात नाही. त्यांनी खिम्याच्या रागूमधली (दाट रश्श्यातली) ताल्यातेल्ले, म्हणजे पट्ट्यांचा पास्ता, खाल्ली, मी रिकोटा (मऊ चीज) भरलेले तोर्तेलोनी, म्हणजे सारण भरलेला पास्ता, लोणी आणि सेजच्या पानांत परतलेले. मैदा-अंड्याची ताजी लाटलेली पोळी काय असते ते तिथे कळतं. पण कडक शाकाहारी असाल तर हे लक्षात ठेवा: पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध फाडणारा पदार्थ) घालूनच बनतं. रोमचं पेकोरीनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज, तेही तसंच, ते कोकराच्या रेनेटचं. नको असेल तर चीज न घालता द्यायला आधीच सांगायचं. फ्लोरेन्सला रिबोलिता मिळतं, शिळा पाव, पांढऱ्या घेवड्याचे दाणे आणि भाज्यांचं दाट सूप. थंडीत ते पोटभर जेवण होतं, फक्त भाज्यांच्याच पाण्यात केलंय ना, हे विचारून घ्या. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी थोडी रक्कम लागते, ती सगळ्यांनाच लागते.

वाघोडिया रोडहून

काकू, व्हिसाचं मी लिहितो. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, दोन-तीन देश करणार असाल तर ज्या देशात रात्री सर्वांत जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज घेतात. विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. बोटांचे ठसे एकदा दिले की 59 महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे जुना व्हिसा असेल तर त्याची प्रत जोडा.

घरून खाऊ नेणाऱ्यांसाठी: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला मनाई आहे. पेढे, बर्फी इथेच ठेवा. खाखरा आणि कोरडा चिवडा न्या.

कारेलीबागहून

आमचं जपान. तोक्यो, कानाझावा, क्योतो, ओसाका.

सगळे आधी पर्यटकांच्या जपानभर चालणाऱ्या रेल्वे पासबद्दल विचारतात. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांच्या पासची किंमत 29,650 येनवरून 50,000 झाली. तोक्यो ते क्योतो एका वेळचं तिकीट साधारण 14,000 येन. म्हणजे एकाच दिशेनं पुढे जाणाऱ्याला पास परवडत नाही, सुटी तिकिटंच काढावीत. तोक्योला उतरा, ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून निघा.

कानाझावा घ्याच. तोक्योहून शिंकानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, अडीच-तीन तास. मार्च 2024 पासून तो मार्ग त्सुरुगापर्यंत वाढला, तिथे गाडी बदलली की क्योतो. ओमिचो बाजारातली मासळी, सामुराई वस्तीतल्या मातीच्या भिंती, केनरोकुएन बाग, सगळं निवांत पाहता येतं. क्योतो-ओसाका हे अंतर साध्या गाडीनंही अर्ध्या तासाचं, म्हणून दोन्हीकडे खोल्या घेण्यात अर्थ नाही. आम्ही एकीकडेच मुक्काम ठेवला.

मोठी बॅग घेऊन गाडीत चढू नका. हॉटेलात सांगितलं की कुरिअरवाले ती पुढच्या हॉटेलवर, बहुतेक दुसऱ्या दिवशी, पोचवतात. आपण एका रात्रीचे कपडे पाठीवर घेऊन मोकळे.

खाणं. दाशी नावाचं पाणी जपानी स्वयंपाकात जवळपास सगळीकडे असतं आणि ते बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनितो माशाचं असतं. सूप, भाजी, सॉस, नुसती भाजी दिसली तरी विचारा. माझी आई मासे-अंडी काहीच खात नाही. तिच्यासाठी क्योतोत शोजिन र्‍योरी शोधून ठेवलं होतं, बौद्ध भिक्षूंचं जेवण, मांस-मासे नाहीत आणि परंपरेनं कांदा-लसूणही नाही. नानझेन-जी मंदिराजवळ यूदोफूची जुनी दुकानं आहेत, गरम पाण्यातलं मऊ तोफू. तिथे चटणीत आणि पाण्यात दाशी नको म्हणून आधीच सांगितलं. आई म्हणाली, हेच रोज दे. बाकी वेळी उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका. आम्ही दोघं ओसाकाचं ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं) आणि तिथल्या गल्लीबोळांवर खूश होतो. आईची सोय आधी लागलेली होती म्हणून आम्हाला ते मोकळेपणानं खाता आलं, हे मनापासून सांगते.

एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा टाळा, त्यांची मोठी सुट्टी असते.

अलकापुरीहून

स्पेनबद्दल थोडंसं. माद्रिद, सेव्हिल, ग्रानादा, बार्सेलोना. माद्रिद-सेव्हिल अडीच तास. ग्रानादाच्या अलहाम्ब्रा या जुन्या किल्ले-महालाचं तिकीट नावानिशी असतं आणि नासरी महालांची वेळ त्यावर छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत, पासपोर्ट जवळ ठेवा. ग्रानादाचे दिवस या तिकिटाच्या तारखेभोवतीच ठरवा. जेवण दुपारी दोनला, रात्री नऊला. मधल्या वेळात बरीच स्वयंपाकघरं बंद. सेव्हिलची पालक-चण्यांची भाजी आणि पाव घरच्यासारखं लागतं. साल्मोरेखो (टोमॅटो-पावाचं थंड सूप) मागताना वर हामोन (डुकराचं वाळवलेलं मांस) आणि अंडं नको म्हणून सांगा.

मांजलपूरहून

आजींना घेऊन आम्ही व्हिएतनाम केलं, हनोई, हुए, होई आन, सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी). उत्तर-दक्षिण रेल्वे 1,726 किलोमीटरची आहे, तेव्हा नकाशा नीट बघा. हनोई ते हुए आणि दा नांग ते सायगाव विमानानं गेलो, मधला हुए ते दा नांग टप्पा मुद्दाम रेल्वेनं. हाय व्हानच्या डोंगराला वळसा घालून गाडी समुद्राच्या कडेनं जाते. आजी खिडकीतून हलल्याच नाहीत. होई आनला स्टेशन नाही, दा नांगहून साधारण 30 किलोमीटर गाडीनं.

हवा तिन्ही भागांत वेगळी. मध्य भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस आणि पूर. फेब्रुवारीअखेर ते मार्च तिन्हीकडे बरं, पण तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, कधी येतं ते पाहून तारखा धरा. त्या दिवसांत खाणावळी बंद.

शाकाहारासाठी ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी; चहा नव्हे) पाटी शोधा. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक शाकाहार करतात, त्या दिवशी जास्त पदार्थ मिळतात. आजींनी होई आनची तारीख पौर्णिमा बघून धरायला लावली. कंदिलांची रात्र तिथे चौदाव्या तिथीला असते, ती आणि शाकाहाराचा दिवस दोन्ही साधलं. एरवी भाजीतही माशाचं सॉस, नुओक माम, असतं, ते नको म्हणून कागदावर व्हिएतनामी भाषेत लिहून घेतलं होतं. ई-व्हिसा 25 डॉलर, एकदा प्रवेशाचा. अर्जात उतरण्याचा विमानतळ निवडावा लागतो.

दांडिया बाजारहून

मांजलपूरकर, पौर्णिमेचं उत्तम सांगितलंत, आईला वाचून दाखवते. रावपुऱ्यातून एका ताईंनी विचारलंय की विमान अहमदाबादहून धरावं की मुंबईहून. दोन्ही भाव पाहा, पण अहमदाबाद विमानतळ आपल्याला एक्सप्रेसवेनं दोन-अडीच तासांवर आहे आणि मुंबईच्या रात्रीच्या विमानासाठी सकाळपासून निघावं लागतं. लहान मुलं किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर थोडे पैसे जास्त पडले तरी अहमदाबाद. तुर्कस्तान किंवा पोर्तुगाल कोणी केलं असेल तर लिहा.