मदत हवी आहे: इसार नदीचं पाणी

नमस्कार मंडळी, म्युनिकच्या मराठी शाळेतल्या मुलांना इसार नदीबद्दल सांगायचंय. टिरोलमधल्या कारवेंडेल डोंगरात उगम, पुढे म्युनिक, शेवटी डॅन्यूबला संगम, एवढं सोपं आहे. मी अडकलेय ती क्र्युन गावाजवळच्या बंधाऱ्यापाशी. तिथून पाणी वालखेनझे तलावात वळवतात. ते सुमारे 200 मीटर खाली कोखेलझे तलावात सोडून 1924 पासून वीज करतात. पुढे ते लोइझाख नदीमार्गे पुन्हा इसारलाच मिळतं. आपल्या कोयनेचं पाणी मात्र वीज करून वाशिष्ठीत जातं, परत येत नाही. बंधाऱ्याखाली पांढऱ्याशुभ्र गोट्यांमधून जेमतेम एक धार वाहताना पाहून मला फार वाईट वाटलं. किती पाणी सोडायचं हे कोण आणि कसं ठरवतं? जलविद्युत क्षेत्रातलं कुणी सोप्या मराठीत समजावेल का?