मदत हवी आहे: एव्हर्टनच्या नव्या स्टेडियमवर आबांना कुठं बसवू? (आवाज पाहिजे, पण गुडघे दुखतात)

धागाकर्ता

मंडळी, जरा मदत पाहिजे. मी वॉरिंग्टनला असतो, मूळचा कोल्हापूरचा. एप्रिलमध्ये आमचे आबा पहिल्यांदाच इकडं येणार आहेत आणि त्यांची फर्माईश एकच, लंडन नको राजवाडा नको, फुटबॉलची मॅच दाखव. आबांचं निम्मं आयुष्य शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलंय, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचे कट्टर, केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) लीग सुरू झाली की घरात जेवणाची वेळ मॅच बघून ठरायची. सत्तरी पार केलीय, गुडघे बोंबलतात, पण बोंबलायचा घसा अजून शाबूत आहे.

तर अडचण अशी की मी एव्हर्टनवाला, म्हणजे लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबचा फॅन. जुन्या स्टेडियमवर, गुडिसन पार्कला जायचो तेव्हा बुलेन्स रोडच्या बाजूला लाकडी खुर्ची, समोर खांब, एका कोपऱ्यातला कॉर्नर फ्लॅग दिसायचाच नाही, पण नुसता एक टॅकल झाला तरी गोल झाल्यासारखा आवाज उठायचा. आता नवीन हिल डिकिन्सन स्टेडियम. दिसायला एक नंबर, डॉकमध्ये समुद्रातली वाळू भरून उभं केलंय, बावन्न हजारांवर लोक बसतात, खांब नाही, सगळं मैदान स्वच्छ दिसतं. पण मला मेंबरशिपवर तिकीट मिळतं ते बहुतेक वरच्या मजल्यावर आणि तिथं माझ्या आजूबाजूला लोक दुसऱ्याच्या लग्नात जेवायला आल्यासारखे गप बसलेले असतात. साउथ स्टँडमधनं गाणं सुरू होतं, खालपर्यंत पसरतं, आमच्यापर्यंत येईपर्यंत हवा गेलेली असते.

आबांना असल्या शांततेत बसवलं तर ते हाफटाइमलाच म्हणणार, चल घरी, ह्यापेक्षा आपली बी डिव्हिजन बरी. प्रश्न दोन. एक, बसून मॅच बघता येईल आणि आवाजही अंगावर येईल अशी जागा कुठली? दोन, हा शांतपणा फक्त मलाच जाणवतोय का तुम्हालाही? आणि हो, आबा विचारतायत हलगी आणू का. हसू नका, खरंच विचारतायत.

निळा_स्कार्फ

हलगी आणू नका, गेटवर ठेवून घेतील. परवानगीशिवाय वाद्य आत नेता येत नाही.

आता जागेचं. साउथ स्टँड हे या स्टेडियमचं काळीज आहे. वरपासून खालपर्यंत एकच सलग उतार, मधे हॉस्पिटॅलिटीच्या (महागड्या पाहुण्यांच्या) बॉक्सचा पट्टा नाही, साधारण 13 हजार माणूस एका भिंतीसारखा उभा. उतार जवळपास 35 अंश, म्हणजे नियमात बसेल तेवढा उभा केलाय. डोळ्यासमोर जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या फॅन्सची पिवळी भिंत होती, तिथं 25 हजारांच्या आसपास लोक उभे असतात. पण तिथं कोणी बसत नाही हो. खालच्या भागात तर रेलिंगवाल्या सेफ स्टँडिंगच्या जागा आहेत, लोक पहिल्या शिटीपासून शेवटच्या शिटीपर्यंत उभे. आबा बसले तर त्यांना पुढच्याच्या जॅकेटची पाठ दिसेल. त्यात उतार एवढा खडा की पायऱ्या चढताना माझीच धाप लागते.

त्यामुळं ईस्ट किंवा वेस्ट स्टँडचा खालचा टियर (मजला) घ्या, पण साउथकडच्या कोपऱ्याजवळचा. आवाज कानाशी येतो आणि बसायला मिळतं. वरचा टियर अजिबात नको.

दुसऱ्या प्रश्नाचं, फक्त तुम्हाला नाही जाणवत. पण स्टेडियमला शिव्या द्यायच्या आधी एक गोष्ट बघा. गुडिसन 1892 चं. तिथं माझ्या मागं जे म्हातारे काका बसायचे ते त्यांच्या बापाच्या वेळेपासून त्याच रांगेत. कोणी ओरडायचं, कोणी करवादायचं, कोण पहिलं गाणं उचलणार, हे सगळं न बोलता ठरलेलं होतं. नव्या ठिकाणी सीट वाटल्या गेल्या तेव्हा हे कंपू फुटले. काका आता ईस्टमध्ये आहेत, त्यांचा जोडीदार नॉर्थमध्ये, आणि मधे 13 हजार अशी नवी माणसं जी गुडिसनला मावतच नव्हती. आता कुणाच्या शेजारी कोण आलंय तेच अजून लोकांना कळायचंय.

गनर_ठाणेकर

आर्सेनलवाला आहे, तरी येऊ द्या आत 🙂

हे सगळं आम्ही भोगलंय. 2006 ला आमचं जुनं स्टेडियम हायबरी सोडून नव्या एमिरेट्सला गेलो. तसं हायबरीलाही लोक लायब्ररी म्हणून चिडवायचेच, पण एमिरेट्सला जे झालं ते त्याच्या वरचं होतं, साठ हजार माणूस आणि पलीकडच्या टोकाला अवे फॅन्स (पाहुण्या टीमचे) काय गातायत ते अक्षरन्अक्षर ऐकू यायचं. खुर्च्या मऊ, बिअर महाग, मॅच संपायच्या आधी पंधरा मिनिटं निम्मी रांग मोकळी. लोकांनी आर्किटेक्टपासून तिकिटाच्या दरापर्यंत सगळ्यांना दोष दिला. मग कोच अर्टेटाची टीम पळायला लागली, अॅशबर्टन आर्मी म्हणून तरुण पोरांचा ग्रुप क्लॉक एंडला (एका गोलमागच्या स्टँडला) एकत्र उभा राहून गायला लागला आणि तेच स्टेडियम, तेच छप्पर, आवाज मात्र वेगळा. साधारण पंधरा वर्षं लागली पण. तुम्हाला एवढी लागू नयेत.

उलटं उदाहरण पण घ्या. टॉटनहॅमनी (आमचे शेजारी वैरी) 2019 ला नवीन स्टेडियम उघडलं, त्यांचा साउथ स्टँड साडेसतरा हजारांचा, तोही सलग. म्हणजे तुमच्यापेक्षा मोठी भिंत. टीम खराब खेळते तेव्हा त्या भिंतीतून काय निघतं ते बघा, फक्त शिट्ट्या आणि उसासे. (हे मी आर्सेनलवाला म्हणून बोलतोय, तेवढं वजा करून घ्या.)

पुणेकर_बर्मिंगहॅमला

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आवाज जाण्याचं एक कारण म्हणजे असेच पाहुणे. वर्षातून एकदा येणार, अर्धा वेळ व्हिडिओ काढणार, क्लबच्या दुकानातून स्कार्फ घेणार आणि घरी जाणार. त्या सीटवर जो पोरगा नव्वद मिनिटं गळा फाडणार होता तो तिकीट न मिळाल्यामुळे घरी टीव्हीवर बघतोय. प्रत्येक नव्या स्टेडियमचं हेच होतं. तेव्हा "आवाज कमी आहे" अशी तक्रार करणाऱ्याने आधी विचार करावा की आपण त्यात कितीची भर घालतोय.

खंडोबावाला_कोल्हापुरी

ओ पुणेकर, शाहू स्टेडियमवर पाटाकडील-खंडोबा मॅच बघितलायसा का कधी? पोलीस बंदोबस्त लावावा लागतोय. तिथं आयुष्य काढलेला माणूस व्हिडिओ काढत बसंल व्हय? आबा पाटाकडीलचे आहेत म्हणजे आमचे जन्माचे वैरी, तरी सांगतो, त्या माणसाला तिकीट द्या आणि मग बघा शेजारची रांग गप बसतीय का.

बाकी तुमचा मुद्दा साफ चुकीचा नाही. टुरिस्ट तिकिटं सगळ्याच क्लबला वाढलीत. पण पाहुणा कोण आणि गप बसणारा कोण ह्यात फरक हाय. चाळीस वर्षं सीझन तिकीट असलेले पण तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेले असतात की.

मर्सीकाठची_मेघा

भांडण बाजूला ठेवून मूळ प्रश्नाकडे येऊया का? 😄

मी साउथ स्टँडमध्ये असते, सीझन तिकीट आहे. आवाज कमी आहे असं सरसकट म्हणणं मला पटत नाही, आवाज मॅचप्रमाणे येतो-जातो. ब्रायटनविरुद्धची पहिली लीग मॅच आठवा, 24 ऑगस्ट 2025, आपल्या एन्जायने पहिला गोल मारला (गुडिसनवर पुरुष टीमच्या शेवटच्या मॅचमधले दोन्ही गोल पण त्याचेच होते, साउदॅम्प्टनविरुद्ध), मग गार्नरचा दुसरा आणि आपला गोलकीपर पिकफर्डने वेलबेकची पेनल्टी अडवली तेव्हा माझ्या पायाखालचं काँक्रीट थरथरलं होतं. ऑक्टोबरमध्ये क्रिस्टल पॅलेस, ते 19 मॅच हरलेले नव्हते, आपण 1-0 मागे, मग एन्जायची पेनल्टी आणि 90 मिनिटं उलटून गेल्यावर ग्रीलिशचा गोल. त्या दिवशी वरच्या टियरमधले पण उभे होते, तुम्ही म्हणताय ते लग्नातले सगळे. आणि मग त्याच महिन्यात टॉटनहॅम, व्हॅन द व्हेननी कॉर्नरवरून दोनदा डोकं लावलं आणि स्टेडियम असं थंड पडलं की विचारू नका. 0-3.

गुडिसनला अशा वेळीसुद्धा आवाज असायचा, फक्त तो आपल्याच खेळाडूंवर ओरडण्याचा असायचा! ती कुरकुर पण वातावरणाचाच भाग होती. इथे अंतर वाढल्यामुळे एकेकट्याची कुरकुर मैदानापर्यंत पोचत नाही, सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं लागतं. "द 1878स" हा फॅन्सचा ग्रुप आहे, ते झेंडे-बॅनरचं काम मनापासून करतात, त्यांच्यामुळे टीम बाहेर येतानाचं वातावरण तरी जबरदस्त असतं. सायरन वाजतो, मग ती 1960च्या दशकातल्या पोलीस मालिकेची धून. आबांना किकऑफच्या किमान वीस मिनिटं आधी सीटवर बसवाच, हा भाग चुकला तर निम्मी मजा गेली.

निळा_स्कार्फ यांनी सांगितलेली जागा बरोबर आहे. त्यात एवढंच घालते की फार खालच्या रांगाही नकोत. पाऊस वाऱ्याबरोबर आत येतो आणि मर्सी नदी अगदी भिंतीला लागून आहे, एप्रिलमध्येसुद्धा तो वारा हाडात शिरतो. मधल्या रांगा, जिन्याच्या कडेची सीट. तिकीट काढताना 65 वर्षांवरची सवलत बघा. आणि गुडघ्यांचं क्लबला आधीच कळवून ठेवा, लिफ्टने जाता येईल अशी जागा देतात का ते विचारा, त्यासाठी वेगळा विभाग आहे.

आणि एक सुचवू का? गुडिसन पाडलेलं नाही. तिथे आता एव्हर्टनची महिला टीम खेळते. एप्रिलमध्ये त्यांची घरची मॅच असेल तर आबांना तिथेही न्या. तिकीट स्वस्त, गर्दी कमी, आणि ते खांब, त्या लाकडी खुर्च्या, कोपऱ्यातलं सेंट ल्यूक चर्च सगळं बघायला मिळेल. शाहू स्टेडियमवाल्या माणसाला तेच जास्त आवडेल असं मला उगाच वाटतंय.

धागाकर्ता

मेघाताई, ही आयडिया डोक्यातच आली नव्हती, लई भारी. दोन्ही मॅच करतो. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, पोरी खेळतात ती मॅच आधी बघू, मोठी नंतर.

पुणेकर, राग नाही. पण आबांकडे साधा फोन आहे, व्हिडिओची काळजी नसावी.

आता जाण्यायेण्याचं सांगा. मी आत्तापर्यंत मॅच संपल्यावर सँडहिल्स स्टेशनवर रांगेत उभा राहिलोय, ती रांग आबांना झेपणार नाही. गाडी न्यावी का?

निळा_स्कार्फ

गाडी जवळ नेऊच नका. स्टेडियमच्या भोवती मोठ्या भागात मॅचच्या दिवशी फक्त रहिवाशांना पार्किंग आहे, चुकून लावलीत तर दंड. जाताना सँडहिल्स ठीक आहे, लवकर गेलात तर गर्दी नसते, पण तिथूनही पंधरा-एक मिनिटं चालणं आहेच. येताना मात्र रांगेत उभं राहण्यापेक्षा सिटी सेंटरला जाणारी मॅचची बस किंवा आधी ठरवलेली टॅक्सी, आणि टॅक्सी स्टेडियमच्या दारात येणार नाही, रस्ते बंद असतात, थोडं बाहेर बोलवा. धडधाकट माणसानं अर्ध्या तासात चालत शहर गाठावं, पण आबांना नको.

शेवटची शिटी झाली की लगेच उठू नका. आत वीस मिनिटं बसून राहा, चहा घ्या (कॅश चालत नाही, कार्ड ठेवा), गर्दी ओसरली की बाहेर या. बाहेर जुना हायड्रॉलिक टॉवर आहे, डॉकचे रूळ अजून जमिनीत दिसतात, आबांना तेही दाखवा.

पुणेकर_बर्मिंगहॅमला

साधा फोन म्हणालात म्हणून सांगतो, तिकीट मोबाइलवर येतं. दोघांची तिकिटं तुमच्याच फोनमध्ये घेता येतात का ते आधी बघा, नाहीतर गेटवर पंचाईत.

आणि आबांना माझा नमस्कार सांगा. ओरडू देत त्यांना.

खंडोबावाला_कोल्हापुरी

बघा, पुणेकर पण वितळलं.

आबांना सांगा रेफ्रीला कोल्हापुरीत काय बोलायचं ते बिनधास्त बोला. शेजारचा लिव्हरपूलचा म्हातारा रेफ्रीला काय म्हणतोय ते तरी आपल्याला कुठं कळतंय.