साचा-विटेचं उदाहरण आणि पायथनमधली यादी
'क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे त्यातून निघालेली वीट' हे शिकवताना नेहमी दिलं जाणारं उदाहरण पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेपुरतं अर्धंच खरं आहे. वीट निघाली की साच्याशी तिचा संबंध संपतो, ऑब्जेक्टचा संपत नाही. एखादी गोष्ट ऑब्जेक्टकडे सापडली नाही की पायथन ती क्लासकडे शोधतो. वणीकडच्या एका जिनिंगवर एका पोट्ट्यानं कापसाच्या काट्याचा प्रोग्राम लिहिला होता. 'शेतकरी' क्लासमध्ये, पण इनिटच्या (प्रत्येक नवा ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या फंक्शनच्या) बाहेर, काटापट्ट्यांची रिकामी यादी. एकाची बंडी मोजून अपेंड केलं, म्हणजे यादीच्या शेवटी जोडलं, की तेच क्विंटल सगळ्यांच्या नावावर! चुकाऱ्याआधी दिसलं म्हणून बरं. गावाचं नावही क्लासवरच होतं, तिथं मात्र काही बिघडलं नाही. कारण सेल्फ डॉट गाव बरोबर अमुक असं लिहिलं (सेल्फ म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) की त्या ऑब्जेक्टवर वेगळी नोंद होते. अपेंड आहे तीच यादी वाढवत नेतं.

यादी इनिटमध्ये सेल्फवर बनवायची, झालं. पायथन ३.७ पासून आलेल्या डेटाक्लासमध्ये (इनिट आपोआप लिहून देणाऱ्या क्लासमध्ये) तर डीफॉल्ट म्हणून रिकामी यादी दिली की क्लास बनतानाच व्हॅल्यूएरर ही चूक दाखवली जाते, तिथं फील्डला डीफॉल्ट फॅक्टरी, म्हणजे दर ऑब्जेक्टला नवी यादी बनवून देणारं फंक्शन, द्यावी लागते. नवशिक्यांना मी आधी तेच दाखवतो.