१३ वर्षांच्या म्हाताऱ्या घोडीचा डेथ क्लेम, विमा कंपनी निम्म्याहून कमी देतेय – मदत हवी आहे

लगाम_पुणे:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे कोणीतरी विम्यातलं नाहीतर घोड्यातलं असेलच म्हणून टाकतोय.

आमचा वरातीच्या घोड्यांचा धंदा, वडिलांपासूनचा, तबेला हडपसरच्या पुढे. आमची चांदणी मागच्या महिन्यात पोटशुळाने गेली. रात्री अकराला लोळायला लागली, डॉक्टरांनी येऊन नळी घातली, इंजेक्शनं दिली, पहाटे पाचला संपलं सगळं. घोड्याला उलटी होत नाही हो, पोटात अडकलं की तडफडत राहतं जनावर, बघवत नाही. असो. कंपनीला त्याच सकाळी फोन आणि मेल केला, फोटो, पोस्टमॉर्टेम, सगळे कागद दिले. मृत्यूबद्दल त्यांचं काही म्हणणं नाहीये, म्हणणं किमतीवर आहे.

घोडी २०१८ च्या सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली, तेव्हा सहा वर्षांची. विमा १ लाख ४० हजारांचा, दरवर्षी रिन्यू, प्रीमियम दरवर्षी तेवढ्याच रकमेवर. आता सर्व्हेअर म्हणतो या वयाच्या घोडीला बाजारात ५५ च्या वर कोण देतंय, आणि कंपनीने ५५ हजारांचं लेटर पाठवलंय, सोबत व्हाउचर, सही करून द्या म्हणे. अहो स्कूटर आहे का ती, वर्षाला इतका घसारा लावायला? नवीन घोडी डीजे लागला की दोन पायांवर उभी राहते आणि नवरदेव खाली. चांदणी फटाक्यांची माळ लागली तरी कान हलवायची नाही, आणि तिला तसं करायला आम्हाला चार सीझन गेलेत, त्यात लॉकडाऊनमध्ये बसून खायला घातलं ते वेगळंच. वडील म्हणतात मिळतंय ते घे. काय करू?

विमेकरी:
आधी वाईट बातमी. जनावरांच्या पॉलिसीत बहुतेक वेळा हे वाक्य असतंच की आजारापूर्वीचा बाजारभाव किंवा विमा रक्कम, यातली जी कमी ती मिळेल. म्हणजे १ लाख ४० ही वरची मर्यादा झाली, हमी नाही. त्यामुळे "प्रीमियम एवढ्यावर घेतला" हा एकच मुद्दा घेऊन भांडलात तर टिकणार नाही. पण बाजारभाव म्हणजे वय नव्हे. सर्व्हेअरने ५५ कुठून आणले ते विचारा, रिपोर्टची कॉपी लेखी मागा, ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. रिन्यूअलला डॉक्टरचं किमतीचं सर्टिफिकेट दिलं होतं का?

लगाम_पुणे:
हो दादा, याही वर्षी. १ लाख ४० चंच, आणि कंपनीने ते घेऊनच पॉलिसी दिली.

विमेकरी:
मग अर्धी लढाई तिथेच आहे. पॉलिसी देताना डॉक्टरची किंमत मान्य आणि क्लेम आला की अमान्य, मधल्या काळात घोडीला काय झालं ते त्यांनी सांगावं. आणि व्हाउचरवर फुल अँड फायनल म्हणून सही अजिबात नको.

जनावरांचा_डॉक्टर:
पहिलं म्हणजे धाग्याचं नाव बदला. १३ ला म्हातारी कसली, नीट सांभाळलेली घोडी पंचवीस वर्षं सहज काढते. तुम्हीच म्हातारी म्हणालात तर सर्व्हेअर काय वेगळं म्हणणार? रेसच्या घोड्याची उमेद लवकर सरते, तो हिशेब वरातीच्या घोडीला लागत नाही. तिच्या शांतपणाबद्दल, चालीबद्दल, आधी काही आजार नव्हता याबद्दल तुमच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. पोस्टमॉर्टेममध्ये वय कशावरून लिहिलंय तेही बघा. साधारण दहाच्या सुमारास वरच्या कडेच्या दातावर खाच दिसायला लागते, पंधराला निम्म्यावर येते, पण हा सगळा अंदाजच असतो, कुणी घाईत १६ लिहिलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या.

पेठेतला_बाब्या:
माझ्या लग्नात घोडी बुजली होती. शांत घोडीची किंमत माझ्या बरगडीला विचारा.

दूरदेशी:
अमेरिकेत दोन प्रकार असतात, एकात मेल्यावेळचा बाजारभाव, दुसऱ्यात आधीच ठरवलेली रक्कम. दुसऱ्यात असा वाद होत नाही, पण घोडा पंधराच्या आसपास आला की कंपन्या हात आखडता घेतात.

विमेकरी:
आपल्याकडे आत्ता कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, ऑफिस पुण्यातच आहे, नारायण पेठेत. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. तशाच जातीच्या, वरातीला तयार घोड्या अलीकडे केवढ्याला गेल्या त्याच्या पावत्या गोळा करा, अकलूज, सारंगखेडा, जिथे ओळख असेल तिथून.

लगाम_पुणे:
धन्यवाद सगळ्यांना, रिपोर्टसाठी मेल टाकला. वडिलांनी आपण होऊन बुकिंगच्या वह्या काढल्यात, २०१९ पासूनच्या. बऱ्याच तारखांपुढे त्यांनी कंसात लिहून ठेवलंय, "चांदणीच पाहिजे म्हणतात". हे जोडलं तर चालेल का?

विमेकरी:
तेच सगळ्यात वर लावा. झेरॉक्स द्या फक्त, वही हातची सोडू नका.